शर्यत संपली, पण घोडा अजून सहाच वर्षांचा आहे

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. माझं वय ४४. सहा वर्षं रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर बसते आहे. चाल, दुडकी, कँटर (मध्यम वेगाची दौड) नीट जमतं, छोट्या उड्याही घेतल्या आहेत. ओळखीच्या एका ट्रेनरकडे सहा वर्षांचा खच्ची केलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा आहे. २७ शर्यती धावला, तीन जिंकला. दहा महिन्यांपूर्वी पुढच्या डाव्या पायाचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखावलं. आता लंगडत नाही, पण त्याला पुन्हा शर्यतीत उतरवणार नाहीत. ट्रेनर म्हणतात, 'फुकट घेऊन जा, पण पंधरा दिवसांत सांग, मला तबेल्यात जागा हवी आहे.' मी त्याला दोनदा भेटून आले. परत आल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

त्याला जंपिंगसाठी तयार करावं आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलीनंही त्याच्यावर शिकावं, असं मनात आहे. नवरा म्हणतो, 'रेसच्या घोड्याच्या डोक्यात फक्त पळणं असतं, तो कधी बदलत नाही.' तबेल्यातला मोतद्दार म्हणाला, 'लगाम खेचला की हा जास्त पळतो, सांभाळा.' ते ऐकून भीती वाटली. पण मी नेला नाही तर त्याचं काय होईल, हा विचार जास्त छळतो. घेऊ का? घेतला तर कधीपासून बसू? आणि एक छोटा प्रश्न : त्याचं रेसचं नाव मला आवडत नाही, बदललं तर चालेल का?"

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न दिसतात, पण त्यांच्या आधी यायला हवा होता तो प्रश्न त्यात नाही. त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं, हे तुम्ही ठरवूनही टाकलंत. त्याला कोणतं काम झेपेल आणि आवडेल, हे मात्र अजून कुणीच पाहिलेलं नाही. तुम्हीही नाही, ट्रेनरनीही नाही. पंधरा दिवसांत ते कळणारही नाही. तेव्हा या पंधरा दिवसांत ठरवायचं ते एवढंच : या जनावराला किमान सहा महिने, त्याच्याकडून काहीही न मागता, नीट सांभाळणं मला शक्य आहे का? उत्तर 'हो' असेल आणि पायाचा तपास बरा आला, तर घ्या. जंपिंगचं नंतर बघू. मुलीचं त्याच्याही नंतर.

मोतद्दार खरं बोलला, आणि त्याचा अर्थ समजला तर तुमची निम्मी भीती जाईल. शाळेतल्या घोड्यावर तुम्ही शिकलात की लगाम ओढला म्हणजे थांब. रेसच्या घोड्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं. जॉकी लगाम आखूड धरतो, घोडा तोंडातल्या कडीवर आपला भार टाकतो, आणि त्या आधारावर अंग लांबवून पळतो. पकड घट्ट झाली म्हणजे आता जोर लावायचा. पकड सैल झाली म्हणजे काम संपलं, आता हळू. त्यामुळे घाबरून तुम्ही लगाम खेचलात तर तो ऐकत नाही असं नाही, तो तंतोतंत ऐकतो आहे. फक्त तुम्ही बोलता ती भाषा त्याची नाही.

अशा कितीतरी गोष्टी आहेत. जॉकी रिकीब अगदी आखूड करून, पाठीवरून उठून पुढे झुकलेला असतो. पाठीवर पूर्ण वजन टाकून बसलेला माणूस आणि बरगड्यांना लागणारे त्याचे लांब पाय, हे या घोड्याने कदाचित कधी अनुभवलेलंच नसेल. पायाचा दाब म्हणजे 'पुढे चल' किंवा 'बाजूला सरक' हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. जॉकीला कुणीतरी गुडघ्याखाली हात देऊन वर चढवतं, तेही बहुतेकदा घोडा चालत असताना. उंच ठोकळ्यावर उभं राहून कुणी चढतंय आणि तोवर आपण खांबासारखं स्थिर राहायचं, ही कल्पनाच त्याच्यासाठी नवी असते. एकट्यानं फिरायला जाणं नवं. डबकं ओलांडणं नवं. एकाच दिशेनं धावलेला असेल, तर दुसऱ्या बाजूला वळणंही अवघड.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे आलेली पहिली रेसची घोडी तांबूस रंगाची होती, कपाळावर पांढरा ठिपका. इतकी शहाणी वाटली, की दुसऱ्याच आठवड्यात मी ठोकळा आणून ठेवला आणि रिकिबीत पाय घातला. तिने पुठ्ठा फिरवला. मी लगाम आवळला. तिला जे माहीत होतं ते तिने केलं. कुंपणापाशी पोचल्यावर आपणहून थांबली, थरथरत, छातीवर घामाचा फेस. आम्हा दोघींना खरचटलंही नाही, पण त्यानंतर ठोकळा दिसला की तिचा श्वास वर लागायचा. पुढचे दोन महिने मी रोज तो ठोकळा तिच्याजवळ ठेवून, त्यावर उभी राहून फक्त तिची मान खाजवत होते. चढायचं नाही, काही नाही. दहा मिनिटांत मोडलेलं जोडायला दोन महिने गेले, आणि चूक सगळी माझी होती.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटत नाही ते याचमुळे. या घोड्याने आयुष्यात एक अवघड काम शिकून दाखवलं आहे. शर्यत सुटते त्या बंद फाटकात शिरणं, गर्दी, आरडाओरडा, लाउडस्पीकर, गाडीतून लांबचा प्रवास, रोज निरनिराळ्या माणसांकडून हाताळलं जाणं, नाल मारून घेणं, अंघोळ, पट्ट्या बांधून घेणं हे सगळं तो सहन करतो. कधी तबेल्याबाहेर न पडलेल्या तरुण घोड्याला यातलं काही येत नसतं. बिनडोक घोडा हे करू शकत नाही. त्याला नवं शिकवता येतं. फक्त कोऱ्या पाटीवर लिहायचं नसून आधीची अक्षरं पुसत पुसत लिहायचं असतं, म्हणून वेळ लागतो.

आता पाय. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तुम्ही पत्रात ती एका वाक्यात उरकली आहे.

पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, नळीच्या मागच्या बाजूने जे टेंडन जातं, ते वेगात पळताना रबरासारखं ताणलं जातं आणि परत आकसतं. दुखापत होते तेव्हा त्यातले तंतू तुटतात. ते भरून येतात, पण मूळच्या तंतूंसारखे नाही. तिथे व्रण तयार होतो, आणि तो मूळच्या इतका लवचीक नसतो. म्हणून एकदा गेलेलं टेंडन पुन्हा जाण्याचा धोका कायम राहतो. नीट भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. आणि तेही नुसतं तबेल्यात उभं राहून भरत नाही. आधी विश्रांती, मग हाताने धरून चालवणं, मग हळूहळू वाढवत नेलेलं काम, अशा पायऱ्यांनी ते मजबूत होतं. 'आता लंगडत नाही' याचा अर्थ 'बरा झाला' असा होत नाही. सूज आणि दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, आतलं काम त्यानंतर कित्येक महिने चालू असतं.

तेव्हा ट्रेनरना हो म्हणण्याआधी घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून दोन्ही पुढच्या पायांचा अल्ट्रासाउंड करून घ्या. दुखापत झाली तेव्हाचं स्कॅनिंग ट्रेनरकडे असेल तर ते मागा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता येईल. पशुवैद्य तुमच्या बाजूचा हवा, विकणाऱ्याच्या किंवा देणाऱ्याच्या रोजच्या जाण्यायेण्यातला नको. त्याच भेटीत खुराच्या वरच्या सांध्यांचे आणि पाठीच्या मणक्यांचे एक्स-रे काढता आले तर काढा. थरोब्रेड घोड्यांत मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासण्याचा त्रास पुष्कळदा दिसतो, आणि खोगीर चढवताना चावायला येणारा 'वाईट स्वभावाचा' घोडा अनेकदा पाठ दुखणारा घोडा असतो. घोडा फुकट आहे म्हणून तपासणी टाळू नका. खर्च त्याला विकत घेण्याचा नसतोच, पुढची वीस वर्षं सांभाळण्याचा असतो. नीट ठेवलेला घोडा २५ वर्षं सहज जगतो, कधी तिशी गाठतो. तुमचा सहा वर्षांचा आहे.

पशुवैद्याला प्रश्नही नेमका विचारा. 'बरा आहे का?' असं विचारलंत तर उत्तर गोलमोल येईल. 'आठवड्यातून चार दिवस तासभर सपाट जमिनीवर चाल, दुडकी आणि थोडा कँटर झेपेल का? एक मीटरच्या उड्या झेपतील का?' असं विचारा. उडी मारून खाली उतरताना क्षणभर सगळा भार पुढच्या एकाच पायावर येतो. दुखावलेल्या टेंडनवर ते ओझं टाकायचं की नाही, हे तुमच्या स्वप्नावर ठरता कामा नये. माझा अंदाज विचाराल, तर अशा पायावर रोजचं फिरणं आणि सपाटीवरचं शिस्तीचं काम बहुधा नीट होईल, लहान उड्या कदाचित होतील, आणि स्पर्धेतल्या उंच उड्यांचा हट्ट मी तरी धरणार नाही. पण मी पाय पाहिलेला नाही.

समजा पाय बरा निघाला आणि तुम्ही त्याला आणलंत. पहिले तीन महिने काय करायचं? पाठीवर बसायचं नाही. हे लिहिताना मला कळतंय की ऐकायला किती जड जातं.

रेसच्या तबेल्यात घोडा दिवसातले बावीस-तेवीस तास खोलीत असतो. एकदा बाहेर काढतात, पळवतात, परत आणतात. त्याला चंदी, म्हणजे दाणा, भरपूर मिळते, गवत त्या मानाने कमी. घोड्याचं पोट मात्र दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यासाठी बनलं आहे. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. चघळताना येणारी लाळ ते आम्ल मवाळ करते. गवत कमी, दाणा जास्त, त्यात ताण आणि वेगाचा व्यायाम, यातून पोटात व्रण होतात. शर्यतीच्या तयारीतल्या थरोब्रेड घोड्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा अनेक अभ्यासांत १०० पैकी ८० हून जास्त घोड्यांच्या पोटात असे व्रण आढळले. म्हणजे तुमच्याकडे येणारा घोडा पोटात जळजळ घेऊनच येतो आहे असं धरून चाला. पोटाचा पट्टा आवळताना कान मागे टाकणं, चंदी अर्धवट सोडणं, अंगाला मांस न धरणं, ही लक्षणं दिसली तर पशुवैद्याला सांगा. त्यावर औषध आहे आणि ते चांगलं काम करतं, पण मूळ उपाय गवत.

किती गवत? घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के रोज. तो ५०० किलोचा असेल तर साडेसात ते दहा किलो वाळकं गवत, एकदम न टाकता दिवसभर पुरवून. आणि चंदी एका दिवसात बंद करू नका. तिथे तो काय आणि किती खात होता हे मोतद्दाराला विचारून लिहून घ्या, थोडी चंदी सोबतही मागून घ्या, आणि दोन आठवडे घेऊन हळूहळू बदला. घोड्याच्या आतड्यातले जिवाणू आधीच्या खाण्याला सरावलेले असतात. त्यांना वेळ दिला नाही तर पोटशूळ होतो, आणि पोटशुळाने घोडा एका रात्रीत जातो.

त्या मोतद्दाराशी बोला, ताई, वेळ काढून बोला. ट्रेनर तुम्हाला शर्यती सांगेल. मोतद्दार सांगेल की हा कोणत्या बाजूने अंगावर हात फिरवू देतो, कशाला बिचकतो, रात्री झोपतो की डुलत उभा राहतो, कोणत्या शेजाऱ्यावाचून खात नाही. ज्याने रोज खरारा केला आहे, त्याच्याइतका हा घोडा कुणालाच माहीत नाही.

मोकळं सोडणंही बेताबेताने. वर्षानुवर्षं खोलीत राहिलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी मोठ्या कुरणात सोडलंत, तर तो धावत सुटेल आणि दहा महिने जपलेलं टेंडन दहा सेकंदांत जाईल. आधी लहान, भक्कम कुंपणाचं आवार, तेही अर्धा तास हाताने चालवून आणल्यावर. शेजारी एखादा शांत, वयस्क घोडा असेल तर फार बरं. माझ्याकडे आलेला एक काळा घोडा पहिला आठवडाभर चरलाच नाही. फाटकाच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिला, इतक्या की तिथलं गवत जाऊन मातीची वाट पडली. त्याला वाटत असावं, आता कुणीतरी न्यायला येईल. नवव्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर तो आवाराच्या मधोमध आडवा, चारी पाय पसरून. माझ्या काळजात चर्र झालं. धावत गेले. तो गाढ झोपला होता, खालचा ओठ हलत होता, पाय मधूनच उडत होते. घोडे उभ्यानं डुलकी काढतात, पण गाढ झोप त्यांना आडवं पडूनच लागते, आणि जिथं सुरक्षित वाटतं तिथंच ते आडवे पडतात. त्या दिवसापासून तो चरायला लागला.

तुमचा घोडा असा आडवा पडेल, तेव्हा समजा की शिकवायला सुरुवात करता येईल. मग जमिनीवरूनच : हाताने चालवणं, शब्दावर थांबणं, हाताच्या हलक्या दाबाने बाजूला सरकणं, जमिनीवर टाकलेल्या लाकडी दांड्यांवरून जाणं. लांब दोरीवर गोल गोल फिरवणं मात्र टाळा, लहान वर्तुळात टेंडनवर आणि सांध्यांवर तिरका भार येतो. नालबंदही या काळात महत्त्वाचा. शर्यतीचे हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून टाकावे लागतील, आणि बहुतेक थरोब्रेडचे खूर पुढून लांब, मागून बसके असतात, तळवा पातळ. खूर वरून खालपर्यंत पूर्ण नवा यायला नऊ महिने ते वर्ष जातं, तोवर धीर धरायचा.

पहिल्यांदा बसाल तेव्हा एकट्या बसू नका. रेसच्या घोड्यांना नवं काम शिकवलेला एखादा अनुभवी रायडर आधी काही आठवडे बसू द्या, तुम्ही बाजूला उभं राहून बघा. सहा वर्षं शाळेच्या घोड्यावर बसणं ही चांगली शिदोरी आहे, पण ते घोडे तुम्हाला सांभाळून घेत होते. इथे सांभाळून घ्यायचं काम तुमचं.

आणि मग त्याच्या कामाचा विचार. इथे मला खरोखर आनंद होतो, कारण या घोड्यांनी काय काय करून दाखवलं आहे ते लोकांना माहीतच नसतं. 'टच ऑफ क्लास' नावाची एक थरोब्रेड घोडी होती, फक्त १६ हात (घोड्यांच्या मापातला 'हात', एकूण सुमारे १६३ सेंटीमीटर) उंचीची, म्हणजे उंच उड्यांच्या मानाने लहानखुरी. शर्यतीत तिला काही जमलं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जो फार्जिस यांनी तिच्यावर बसून जंपिंगची दोन सुवर्णपदकं मिळवली, एक वैयक्तिक आणि एक संघाचं. अमेरिकेत केंटकी हॉर्स पार्कमध्ये 'थरोब्रेड मेकओव्हर' नावाची स्पर्धा भरते, खास शर्यतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या घोड्यांसाठी. तिथे दहा प्रकार असतात : ड्रेसाज (सपाटीवरच्या शिस्तबद्ध चाली), जंपिंग, इव्हेंटिंग (या दोन्हींना मोकळ्या रानातल्या उड्यांच्या दौडीची जोड), पोलो तर आहेतच, पण पिंपांना वळसे घालत पळणं, गुरं हाकणं, रानवाटेवरचे अडथळे पार करणंही. यातल्या प्रत्येक प्रकारात कुठला ना कुठला घोडा रमलेला दिसतो.

पण पदकं बघून हुरळू नका. अशा घोड्यांतल्या बऱ्याच जणांचं दुसरं आयुष्य साधं असतं आणि ते अजिबात कमी प्रतीचं नाही. आठवड्यातून चार दिवस एखाद्या समंजस माणसाबरोबर रानवाटेवर फिरणं. पोलीस दलातलं काम. नव्या शिंगरांच्या कळपात मोठ्या भावासारखं राहणं. किंवा पाठीवर कुणालाच न घेता माणसांना आधार देणं. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगात १९८० च्या दशकापासून निवृत्त रेसचे घोडे ठेवले आहेत आणि कैदी त्यांची देखभाल शिकतात. खरारा, खुरं साफ करणं, जखमा बांधणं. काही घोड्यांना पुन्हा कधी खोगीर चढवता येणार नाही इतकी दुखापत असते. तरीही रोज सकाळी कुणीतरी त्यांची वाट पाहतं, आणि ते त्या माणसाची.

तुमच्या घोड्याला कशात रस आहे, हे तोच सांगेल. दांड्यांवरून जाताना कान पुढे करून, पाय मोजून टाकतो का, की अडखळत घाईने उरकतो? एकट्याने वाटेवर निघाला की मान खाली सोडून चालतो का, की दर पावलाला मागे वळून खिंकाळतो? त्याच त्याच गोष्टी केल्या तर शांत होतो की कंटाळतो? पोलो आणि पिंपांची शर्यत यात झटक्यात वळावं लागतं, ती दोन्ही त्याच्या पायासाठी मी बाद धरीन. ड्रेसाजची सुरुवातीची पायरी, म्हणजे सपाटीवर ताल आणि समतोल, ही मात्र जवळजवळ प्रत्येक रेसच्या घोड्याच्या भल्याची. त्याने पाठीचे स्नायू भरतात आणि कडीवर भार टाकायची सवय सुटत जाते. तिथून सुरू करा. सहा-आठ महिन्यांनी पुढचा रस्ता तुम्हाला दिसेल, आणि तो जंपिंगचा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

मुलीबद्दल स्पष्ट लिहिते. १२ वर्षांच्या मुलीने या घोड्यावर शिकायचं नाही. ती शिकत असेल आणि तोही शिकत असेल, तर शिकवायचं कुणी? तिला शाळेतल्या जुन्याजाणत्या घोड्यावरच बसू द्या. पण तिला यातून बाहेर ठेवू नका. तुमच्या देखरेखीखाली ती खरारा करू शकते, वजन करून गवत भरू शकते, तो रोज किती खातो, कधी आडवा पडतो, पायाला हात लावला तर ऊब जाणवते का, याची वही ठेवू शकते. दोन-तीन वर्षांनी ती त्याच्यावर बसेलही. तोवर ती त्याला अशी ओळखू लागलेली असेल, जसं फार थोड्या स्वारांना जमतं.

आता ज्या विचाराने तुमची झोप उडाली, तो : 'मी नाही नेला तर?' ही भीती खोटी नाही. जगभर अनेक रेसचे घोडे हातोहात विकले जात खाली खाली जातात आणि त्यांचा शेवट वाईट होतो. पण अपराधी वाटतं म्हणून घोडा घेणं हे त्यातल्याच एका विक्रीचं पहिलं पाऊल ठरू शकतं. आज उत्साहात आणलेला घोडा वर्षभरात झेपेनासा होतो आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या हातात जातो. तुम्हाला जागा, वेळ, पैसा यांपैकी एकाचीही खात्री नसेल, तर नाही म्हणा. पण नाही म्हणून थांबू नका. ट्रेनरकडे एक महिन्याची मुदत मागा आणि त्या महिन्यात चांगला माणूस शोधून द्या. ब्रिटनमध्ये या कामासाठी 'रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस' ही संस्था २००० साली उभी राहिली. अमेरिकेत 'थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स' २०१२ पासून अशा घोड्यांची ठिकाणं तपासून त्यांना मान्यता आणि पैसा देते. घोडा ज्या रेस क्लबात धावला, तिथे अशी काही सोय आहे का हे ट्रेनरनी विचारायलाच हवं. ती जबाबदारी आधी त्यांची आणि मालकाची आहे, तुमची नंतर. हे त्यांना आदराने पण तोंडावर सांगा.

आणि नाव. हाक मारायला हवं ते नाव ठेवा, त्याला काही फरक पडत नाही, तो तुमचा आवाज आणि गवताची बादली ओळखेल. पण नोंदणीतलं नाव पुसू नका, घोडा पुढे कुठे गेला याचा माग त्याच नावावरून लागतो. 'फर्डिनांड' नावाचा घोडा १९८६ ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यांत नावाजलेली शर्यत, जिंकला, पुढच्या वर्षी अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे त्याला पैदाशीसाठी जपानला विकलं गेलं, आणि पैदास नीट होईना तेव्हा तो हातोहात जात २००२ मध्ये कत्तलखान्यात पोचला. त्याच्या देशात ही बातमी पोचेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. १९९७ ची डर्बी जिंकलेला 'सिल्व्हर चार्म'ही असाच जपानला गेला, पण त्याच्या करारात परतीची अट होती. तो २०१४ मध्ये केंटकीतल्या 'ओल्ड फ्रेंड्स' या निवृत्त घोड्यांच्या फार्मवर परत आला.

म्हणून घोडा घेताना एक साधा कागद करून घ्या. त्यावर नोंदणीतलं नाव, आईबापांची नावं, अंगावरच्या खुणा, आणि मानेत मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक. पशुवैद्याकडून चिप वाचून घ्या, कागदावरचा आकडा तोच आहे ना ते पाहा. खाली दोन ओळी : तुम्हाला कधी हा घोडा ठेवणं अशक्य झालं तर आधी ट्रेनर आणि मालक यांना विचारल्याशिवाय तो कुणालाही देणार नाही, आणि त्याला पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या. त्याची एक प्रत मोतद्दाराला द्या, त्याला तुमचा फोन नंबर द्या. पुढे कधी त्याला हा घोडा भलत्याच ठिकाणी दिसला, तर सगळ्यांत आधी तोच ओळखेल.

अल्ट्रासाउंडमध्ये काय दिसलं ते मला लिहा. आणि त्याचं आवडत नसलेलं नाव काय आहे, तेही कळवा.